लोकर उतरल्यावर

“आप्पा, थंडी कुणाच्या पापानं पडती?”

मायाप्पा खाली माळाकडे पाहत होते.

“कुणाच्या तरी पापानंच पडली आसंल. दिवाळी अजून यायचीय, आन् गवतावर दहिवर गोठतंय. असं कवा झालंय?”

“न्हाई झालं.”

“मग?”

“मग आता झालं.”

धुळा सबंध टेकडी चढून आला होता. ऊन होतं, दम लागला होता, पण कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. त्याने दोनदा कपाळ पुसून पाहिलं. या कोरड्या कपाळाचंच त्याला भय वाटलं.

मायाप्पा देवळाच्या आडोशाला दगडावर बसले होते. काळं घोंगडं हनुवटीपर्यंत ओढलेलं. धुळाने वाकून पायाला हात लावला आणि तसाच थांबला. एरवी अशा वेळी घोंगड्यातून म्हाताऱ्याचा उजवा हात बाहेर येई आणि कपाळाला भंडारा लागे. आज हात आला नाही.

आप्पा रागावलेत, असं धुळाला वाटलं. तो समोर बसला.

मायाप्पा हे या टेकडीवरच्या बिरोबाचे भगत आणि धुळा त्यांचा शिष्य. खाली माळावर मेंढक्यांचा तळ पडलेला होता. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा आणि तोवर देवाच्या पायाशी राहायचं, ही त्यांची पिढ्यांची रीत.

दसऱ्याला भगताने काठी उंच धरून येत्या वर्षाचं भाकीत सांगायचं. त्याला भाकणूक म्हणतात. कितीतरी वर्षं ती मायाप्पांनी सांगितली. “पाऊस पडंल तिथं पडंल. रोग येईल, जाईल. मेंढरं राखून ऱ्हावा.” दर साल थोड्याफार फरकाने एवढंच. आप्पांची भाकणूक कधी चुकली नाही, असं पोरं म्हणत आणि गालातल्या गालात हसत, कारण तीत चुकण्यासारखं काही नसायचंच.

मग आप्पांचा आवाज बसला आणि काठी धुळाकडे आली.

धुळाचा आवाज खणखणीत. शिवाय, खोटं कशाला बोलावं, त्याची देवावर खरोखरच श्रद्धा होती. तो मोघम बोलेना. पाऊस कोणत्या नक्षत्रात पडेल, कोणत्या दिशेने येईल, सगळं नेमकं सांगे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकदोन वेळा गाठ पडली, आणि धुळाचं नाव झालं. आप्पांची भाकणूक ऐकून माणसं विचार करत घरी जायची. धुळाची ऐकून ती निर्धास्त जायला लागली.

यंदा त्याने सांगितलं होतं, “मार्गशीर्ष लागल्याबिगर थंडी न्हाई. कातर लावा!”

एरवी कातरणी बिचकत चालायची. थोडी मेंढरं आधी, थोडी दिवाळीनंतर. यंदा सगळ्यांनी एकदमच कातर लावली. मेंढरं हलकी झाली, घाट उतरायला सोपी झाली. लोकरीची पोती भरून देवळाच्या पायथ्याशी रचली गेली. माणसं खूश होती.

आणि मग हा वारा सुटला.

पहिल्या सकाळी तळाच्या कारभाऱ्याने मोबाईलवर बातमी ऐकली. नोंदी ठेवायला लागल्यापासून या मुलखात इतक्या लवकर इतकी थंडी कधी पडलीच नव्हती, आणि ती आणखी वाढणार होती. पुढचं न ऐकताच त्याने मोबाईल खिशात टाकला. खिशात टाकून थंडी थांबते थोडीच! त्या रात्री कोकरं मेली. पुढच्या रात्री थोराड मेंढ्याही बसल्या त्या उठल्याच नाहीत.

आज दिवस मावळताना सारा तळ पायथ्याशी जमणार होता. कारभारी धुळाला एवढंच म्हणाला होता, “कातर लावा म्हणला त्यो देव आता काय म्हणतोय, ते इचारून ये.”

म्हणून धुळा वर आला होता.

“आप्पा, मला घावलंय.”

“काय?”

“पाप.”

धुळाने मागे वळून पाहिलं. टेकडीवर दुसरं कुणीच नव्हतं, तरी त्याने आवाज उतरवला.

“साळूबाईनं एक मेंढी कातरली न्हाई.”

म्हातारा ऐकत होता.

“भाकणुकीदिवशीच ती म्हणली हुती, मन घेत न्हाई म्हणून. समद्यांम्होरं म्हणली. तवा मी तिला इचारलं, देवापरास तुजं मन मोठं व्हय गं? मानसं हसली. मग लावली तिनं बी कातर. मला वाटलं, समदी कातरली. आज सकाळी बघतोय तर एक म्हातारी मेंढी लोकरीसकट उभी! बाभळीआड लपवून ठिवली हुती.”

“बरं.”

“बरं काय, आप्पा? देवाचा शबूद, आन् तिनं त्यावर संशय घेतला. म्हणून देव कोपला.”

“असं देवानं तुला सांगितलं?”

“… न्हाई.”

“मग?”

“पण बसतंय, आप्पा. समदं बरोबर बसतंय.”

“बसतंय खरं,” मायाप्पा म्हणाले.

वारा देवळाला वळसा घालून आला. दाराची घंटा आपोआप वाजली. दोघांनी तिकडे पाहिलं.

“मग सांगू खाली?” धुळाने विचारलं.

“सांगितल्यावर काय हुईल?”

“तळावरनं काढतील तिला.”

“कुटं जाईल?”

“तिच्या भावाकडं.”

“लांब हाय?”

“… मधी मुक्काम पडतोय.”

“कातरलेली मेंढरं घिऊन. उघड्या माळावर. एकटी बाई.”

धुळा जमिनीकडे पाहू लागला. साळूबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची मेंढरं थोडकी, तोंड मात्र तिखट. ती तळावर कुणाला आवडायची असं नाही. नाव तिचं घेतलं तर कुणी हळहळणार नाही, हे धुळाला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच ते नाव त्याला इतक्या लवकर सुचलं होतं.

“आन् थंडी?” मायाप्पांनी विचारलं. “ती काढली म्हंजी जाईल?”

धुळा मातीत बोटाने रेघा ओढत होता.

“जाईल का रं?”

“मी तिचं नाव न्हाई सांगितलं तर मानसं माजं घेतील, आप्पा!”

बोलताना त्याचा आवाज फुटला. टेकडी चढून आल्यापासून त्याने बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. तो घाबरला होता. येत्या पौर्णिमेला आप्पांचं घोंगडं त्याच्या खांद्यावर यायचं होतं, तो रीतसर भगत होणार होता. आणि खाली लोकरीवाचून उघडीनागडी मेंढरं एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून उभी होती. त्यातलं प्रत्येक मेंढरू त्याच्या शब्दावर उघडं पडलं होतं.

मायाप्पांनी घोंगड्याच्या आत काहीतरी सावरलं.

“काल रातच्याला तू कुटं हुतास?”

“देवळात. जप करत हुतो.”

“दार?”

“लावलं हुतं.”

“का?”

“वारा येत हुता…”

म्हाताऱ्याने मान हलवली. त्यात टोमणा नव्हता. धुळाला टोमणा परवडला असता.

“तळावर गेलास का न्हाई?”

“सकाळी गेलो की.”

“वाघरंत शिरलास?”

रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीला वाघर म्हणतात. धुळा तिच्यात शिरला नव्हता. त्याने कडेने पाहिलं होतं. बायका मेलेली कोकरं बाजूला ठेवत होत्या. त्यांच्यातली एखादी मान वर करून आपल्याकडे पाहील, या धास्तीने तो लगेच मागे फिरला होता.

“न्हाई,” तो म्हणाला.

“तुजी मेंढरं कशी हायती?”

“धाकट्या भावाकडं हायती.”

“म्या कुटं हायती ते न्हाई इचारलं.”

“… ठावं न्हाई. धाकटा वर आला न्हाई, आन् मी इचारलं न्हाई.”

ऊन देवळाच्या पायरीवरून खाली सरकलं होतं. सावली धुळाच्या गुडघ्यांपर्यंत आली, आणि ती आल्याबरोबर गुडघे दुखायला लागले. वेळ थोडा उरला होता.

“आप्पा, व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. ढोल वाजंल आता.”

“जरा हिकडं सरक.”

धुळा सरकला.

“माज्या घोंगड्याचं टोक धर. हळू. वारा आत नगं जायला.”

धुळाने टोक उचललं. म्हाताऱ्याच्या उघड्या छातीशी, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, एक कोकरू होतं. दोन्ही हातांनी त्यांनी ते आवळून धरलं होतं. कोकराचे डोळे अर्धवट मिटलेले. ते हलत नव्हतं.

“सकाळधरनं असाच बसलोय,” मायाप्पा म्हणाले. “हात मोकळं न्हाईत. तुला भंडारा कशानं लावू?”

धुळा कोकरावर वाकला.

“कुणी आणलं?”

“साळूनं. ठिवलं माज्या मांडीवर. म्हणली, माज्या मेंढीपाशी आता जागा न्हाई, ह्याला तुमी बघा. आन् गेली.”

“कंच्या मेंढीपाशी?”

“तिच्या अंगावर लोकर हाय ती एकच की रं तळावर. दोन राती झाल्या, जगलेली कोकरं तिलाच चिकटल्यात. कुणाची का आसनात.”

धुळाचा हात आपोआप कोकराच्या कानाकडे गेला. मेंढक्याची ती सवयच असते. प्रत्येकाची कानाची खूण वेगळी. कुणी टोकाला काप देतो, कुणी मधे भोक पाडतो. अंधारातसुद्धा बोटांना आपलं जनावर कळतं.

उजवा कान साधा होता. डाव्या कानाला, खालच्या कडेला, एकाला एक लागून दोन काप.

ही खूण धुळाच्या बापाची होती. बाप गेल्यावर ती त्याची झाली होती.

तो पुन्हा पुन्हा ते काप चाचपत राहिला.

“आप्पा… हे माजं हाय.”

“आसंल.”

“तिनं कान बघितला आसंल. कान बघितल्याबिगर कोकरू कोण उचलत न्हाई.”

“न्हाई उचलत.”

“मग तिला ठावं हुतं…”

खाली पायथ्याशी ढोलावर पहिली थाप पडली. मग दुसरी. धुळाने वाक्य मनात घोकून आणलं होतं, आणि आता ते जिभेवर येईना. दुसरं कुठलंही वाक्य येईना.

“आप्पा, मी काय सांगू खाली?”

उत्तर म्हणून म्हाताऱ्याने कोकरू त्याच्या हातात दिलं.

“सदऱ्याच्या आत घे. अंगाला लाव. दोन्ही हातांनी धर.”

कोकरू छातीला लागलं आणि धुळा दचकला. इतकं गार काही त्याने कधी अंगाशी धरलं नव्हतं.

“हे थरथरत बी न्हाई, आप्पा.”

“म्हणून तर भ्या. थरथरतंय तवर जीव लढत आसतोय. थरथरायला लागलं की समज, परत आलं.”

भाकणुकीची काठी देवळाच्या भिंतीला टेकून उभी होती. धुळाने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

“आन् काठी?”

मायाप्पांनीही त्याच्या हातांकडे पाहिलं.

“उतार हाय,” ते म्हणाले. “बघून जा.”

पायथ्याशी सगळे जमले होते. पुरुष पुढे, बायका मागे, आणि सर्वांत कडेला, पदर कपाळापर्यंत ओढून, साळूबाई. तिच्या आजूबाजूला थोडी जागा मोकळी सुटली होती. ती मेंढी केवळ धुळानेच पाहिली होती असं थोडंच आहे?

ढोल थांबला.

“काठी कुटं हाय?” कारभाऱ्याने विचारलं.

“वर ऱ्हायली.”

“देव काय म्हणला?”

धुळाने कोकरू आणखी आवळून धरलं. सदऱ्याच्या आत कोकरू तसंच निपचित होतं. तो काही बोलायच्या आत गर्दीतून एकजण ओरडला, “कुणाचं तरी चुकलंय, भगत! त्याबिगर असं हुनार न्हाई. नाव सांगा!”

“व्हय, नाव सांगा!”

काही माना साळूबाईकडे वळल्याही. तिने पदर आणखी पुढे ओढला. किती सोपं होतं! एक बोट दाखवायचं, बस्स. पण बोट दाखवायला हात मोकळा हवा, आणि दोन्ही हात सदऱ्यात गुंतले होते.

“सांगतो,” धुळा म्हणाला.

सगळ्या माना परत त्याच्याकडे वळल्या.

“धुळा बिरा शिंगाडे.”

कुणालाच काही उमगेना.

“चुकलं त्याचं नाव. माजं. मी म्हणलो मार्गशीर्षाबिगर थंडी न्हाई. देवानं न्हवं, मीच म्हणलो. देवानं मला काय बी सांगितलं नव्हतं. मला तसं वाटलं, आन् मी त्याच्या नावानं बोललो.”

“मग… थंडी कवा जाईल?” कारभाऱ्याने विचारलं. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

“मला ठावं न्हाई.”

शिव्या ऐकायची धुळाची तयारी होती. त्या आल्याही. एकजण थुंकला. एकाने दगड उचलला आणि शेजाऱ्याने त्याचा हात धरला. पण त्याहून वाईट म्हणजे कारभारी मटकन खाली बसला. देवसुद्धा सांगत नाही म्हटल्यावर आता कुणाकडे बघायचं, हे त्याला कळेना. दिवस मावळला होता. वारा वाढत होता.

मग बोलली ती साळूबाई.

“आधी बोलायचं हुतंस, लेका,” ती म्हणाली. “चार मानसांत मला हसीवलंस. माज्या मेंढ्या गेल्या. आता लोकर परत चिकटीवतोस का त्यांच्या अंगाला?”

धुळाला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण कोकरू होतं.

“मावशे,” तो म्हणाला, “हे थरथरत न्हाई गं.”

ती तरातरा पुढे आली. त्याच्या सदऱ्यात हात घातला, कोकराच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तोंड आतून गार होतं. तिचा चेहरा आणखी आंबला.

“मग उभा काय ऱ्हायलास हितं वाऱ्याला? आडोशाला हो की!”

“आडोसा हाय कुटं?” कुणीतरी म्हणालं.

मग एक गंमत झाली. गंमत तरी कसं म्हणावं… देवाचा शब्द मिळणार नाही म्हटल्यावर माणसं आपापसांत बोलायला लागली. एक म्हणाला, लोकरीची पोती हायती की, वाऱ्याच्या अंगानं रचा. दुसरा म्हणाला, ती व्यापाऱ्याची. तिसऱ्याने त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एका बाईने सुचवलं, वाघरी सोडा, सगळ्यांची मिळून एकच करा.

यावर मात्र सगळे अडले. कळपात कळप मिसळायचा नाही, ही तळावरची सर्वांत जुनी शिस्त. भावाभावांनी त्यावरून डोकी फोडली होती. सगळे कारभाऱ्याकडे पाहू लागले.

कारभारी गुडघ्यावर हात टेकून उठला.

“कान हायती न्हवं समद्यास्नी?” तो म्हणाला. “सकाळी वळकू.”

त्या रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पोत्यांची भिंत झाली. तिच्या आडोशाला सारी मेंढरं एका वाघरीत, मधोमध साळूबाईची म्हातारी मेंढी, तिला बिलगलेली कोकरं, आणि बाहेरच्या कडेने घोंगडी पांघरलेली माणसं. कुणीही कुणाशी प्रेमाने बोललं नाही. धुळाला कुणी पोत्याचा आडोसा दिला नाही. तो सगळ्यात बाहेर, वाऱ्याच्या तोंडाला बसला, आणि तेच त्याला बरं वाटलं.

पहाटेच्या सुमारास छातीशी काहीतरी हललं. आधी त्याला वाटलं, आपणच कापतोय. मग कळलं. एवढासा जीव जोरजोरात थरथरत होता. धुळा घोंगड्यात तोंड खुपसून रडला.

उजाडल्यावर तो टेकडी चढला. वाटेतल्या गवतावर कालच्यापेक्षा दाट दहिवर गोठलं होतं. पायाखाली ते कुरकुर वाजत होतं.

मायाप्पा त्याच दगडावर बसले होते. आज घोंगडं सैल होतं. धुळा वाकला तसा उजवा हात बाहेर आला आणि कपाळाला भंडारा लागला. बोटं बर्फासारखी गार होती.

“कोकरू?”

“थरथरलं.”

“हं.”

“साळूमावशीच्या मेंढीला पीतंय आता. मेंढी लाथा मारती, तरी पीतंय.”

“मारू दे.”

दोघांनी खालच्या तळाकडे पाहिलं. माणसं मेंढरांचे कान धरधरून आपापली जनावरं वेगळी करत होती. आवाज चढलेले इथवर ऐकू येत होते.

“रातीत काही गेली, आप्पा. कारभाऱ्याचा मेंढा गेला. माज्या बी गेल्या. थंडी आणिक वाढलीय.”

“वाढलीय.”

“आजची रात?”

मायाप्पांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, ढगाचा ठिपका नव्हता.

“तुला काय वाटतंय?”

“ठावं न्हाई.”

“मला बी न्हाई.”

धुळा उठला. भिंतीला टेकलेली काठी त्याने आणली आणि गुरूंच्या पायाशी आडवी ठेवली.

“ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. घोंगडं बी नगं मला पुनवंला. म्होरल्या दसऱ्याला मी उभा ऱ्हानार न्हाई. देवाच्या नावानं बोलायची छाती न्हाई ऱ्हायली माजी.”

म्हाताऱ्याने काठी उचलली. बोटाने तिच्यावरची धूळ पुसली, आणि ती पुन्हा त्याच्याच हातात दिली.

“आता ऱ्हा की उभा.”

“आन् पुन्यांदा चुकलं तर?”

वारा आला. देवळाची घंटा वाजली. मायाप्पांनी घोंगडं हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

“बोल तू… फकस्त तुजी एक मेंढी कातरू नगंस.”